बारावा रकाना

४ मार्च, सोमवार

माझ्या हातचं काय काय आहे ते आज एकदा लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर कागद असावा.

या विद्यापीठातल्या संशोधनाची नोंद ठेवणारी सगळी यंत्रणा. बारा रकाने. माणसं. त्यांचे छापलेले लेख. पुस्तकं. प्रबंध, पूर्ण झालेले आणि अर्ध्यात सुटलेले वेगवेगळे. प्रकल्प. प्रकल्पांना मिळालेला निधी. पेटंटं. उपकरणं, कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीला लागून आहेत त्यासकट. नीतिसमितीच्या परवानग्या. पुरस्कार. प्रयोगांचे मूळ आकडे, ज्यांच्या जिवावर लेख उभा राहतो ते. आणि बारावा, शेरा.

शिवाय पुराव्यांच्या एक हजार तीनशे सहा फायली. प्रत्येकीचा कणा मी स्वतः शिवलाय. त्या ठेवायचं सागवानी कपाटही माझंच, फक्त कड्या विकतच्या.

मी ग्रंथालयात पुस्तकबांधणी करायला लागलो होतो. झाडांवर संशोधन करणारे एक प्राध्यापक होते, त्यांना सगळे झाडवाले सर म्हणत. त्यांनी संगणकाचं एक जाडजूड पुस्तक बांधायला टाकलं. चार महिने झाले तरी मी परत करेना. शेवटी ते स्वतः आले. "अरे, पुस्तक शिवतोयस की गोधडी?" मी म्हटलं, वाचतोय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुस्तक तिथेच ठेवून गेले. माझं शिक्षण विचाराल तर एवढंच. त्यावर एकवीस वर्षं काढली.

आज सभागृहात नव्या संचालकांनी नवी यंत्रणा जाहीर केली. बाहेरच्या कंपनीची आहे. पडद्यावर रंगीत वर्तुळं फिरत होती. ते म्हणाले, "आजवर आपण वाण्याच्या वहीवर दिवस काढले." सगळे हसले. माझ्या शेजारचा लेखापालही हसला, मग माझ्याकडे लक्ष जाऊन खोकला.

मी डूख धरणारा माणूस नाही.

वरची ओळ खोटी आहे. धरतो.

६ मार्च, बुधवार

कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, गळ्यात दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा. कामाला वाईट नाही. माझे रकाने एकेक करून उघडत गेला आणि अकराव्यानंतर थांबला.

"हे काय आहे?"

"शेरा. प्रत्येक नोंदीला एक."

"आमच्याकडे अशी जागा नाही. किती आहेत?"

"एक्केचाळीस हजार."

त्याने शीळ घातली आणि संचालकांना बोलावून आणलं. संचालक उभ्या उभ्याच बोलले. "शेरे-बिरे काही नकोत. आम्हाला स्वच्छ माहिती हवी आहे. मामा, तुमचे शेरे मला चांगले माहीत आहेत."

मला इथे सगळे शेरेमामा म्हणतात. पण त्यांच्या तोंडी ते निराळं वाटलं. का, ते कळलं नाही.

मी सांगणार होतो की शेरे काढलेत तर उरलेले अकरा रकाने आंधळे होतात. तोंड उघडलं, आणि वाण्याची वही आठवली. मी म्हटलं, "साहेब, तेवढं लेखी द्या."

त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. शेरा हा रकाना नव्या यंत्रणेत घेऊ नये. खाली सही, तारीख. मी तो कागद फायलीत लावला. क्रमांक १३०७.

७ मार्च

शेरा म्हणजे काय, हे इथे लिहितो. त्यांनी विचारलं नाही.

माझा नियम असा: लेखावर नाव जसं छापलं तसंच नोंदवायचं. एका अक्षराचीही ढवळाढवळ नाही. ते नाव कुठल्या माणसाचं, हे लिहायचं शेऱ्यात, पुरावा बघून. एका नावाची दोन माणसं असतात. एका माणसाची दोन नावं असतात. आडनाव बदलतं, आद्याक्षर गळतं, छापणारा चुकतो. हे सगळं मी माणसामाणसाला भेटून, कागद मागून सोडवलंय. लोक वैतागायचे. वैतागू देत.

नवी यंत्रणा आडनाव आणि आद्याक्षरं बघते. जुळली की एकच माणूस.

आता मजा. या विद्यापीठात आडनाव एक, आद्याक्षरं एक, अशी एकच जोडी आहे. एक आमचे झाडवाले सर, तीन वर्षांपूर्वी वारले. दुसरे संचालक. सर झाडांच्या सालीवरच्या बुरशीवर लिहायचे, हे लोखंडाच्या गंजावर लिहितात.

दिवसभर मी शीळ घालत काम केलं. लेखापालाने विचारलं, "काय मामा, लॉटरी लागली काय?"

१९ मार्च, मंगळवार

माझी खोली तळघरात हलवली. मोडक्या खुर्च्या, एक तुटका ग्लोब, भिंतीला ओल. माझा जुना संगणक आणि कपाट सोबत आलं. मे महिनाअखेर दोन्ही भंगारात द्यायचं आहे, असं पत्र आहे. तोवर मी काय करायचं, याचं पत्र नाही.

बायको म्हणाली, "चार वर्षं तर राहिली नोकरीची. बसा गपगुमान." मी म्हटलं, गपच तर बसलोय. माझ्या गप्प बसण्याची धार तिला कळली नाही.

२ एप्रिल

नवी यंत्रणा सुरू झाली. मी सकाळी पहिलं काम हेच केलं. संचालकांचं नाव टाकलं.

अडतीस लेख होते. एकशे बारा झाले.

त्यात गंज आहे, गंजाखाली बुरशी, बुरशीखाली पुन्हा गंज. सगळ्यात जुना लेख छापला तेव्हा संचालक चार वर्षांचे होते. मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. तुटका ग्लोब गडगडत खाली पडला, तरी हसत होतो.

मग सरांचं नाव टाकलं. एकही नोंद सापडली नाही, असं आलं.

ठीक आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

११ एप्रिल

संचालकांनी तक्रार केली नाही. आठवडा झाला, रोज वाट बघतोय. आपल्याच घरात शिरलेली चौऱ्याहत्तर अनोळखी माणसं कोणाला दिसणार नाहीत? दिसली आहेत. वार्षिक अहवालाच्या मसुद्यात आकडा छापलाय: ११२. तीस मे रोजी विद्यापीठ 'सर्वाधिक संशोधन' असा सन्मान देणार आहे, आणि यादीत पहिलं नाव यांचं.

मी ठरवलं. तीस मे. भरल्या सभागृहात, त्याच पडद्यासमोर, मी उभा राहणार आणि विचारणार, साहेब, चौथ्या वर्षी तुम्ही सालीवरची बुरशी कुठल्या बालवाडीत तपासलीत? वाक्य पाठ केलंय.

जेवताना बायकोला सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि सरांच्या नावावर काय उरलं?"

"काही नाही."

"मग तुम्ही हसताय कशाला?"

तिला या कामातलं कळत नाही.

१७ एप्रिल, बुधवार

मातीवाल्या बाई तळघरात आल्या. मातीच्या प्रयोगशाळेतल्या. नखांत कायम माती, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने खुर्ची धरून बसावं. माझ्याकडे वर्षातून दोनदा तरी येणार, आपल्या नोंदी स्वतः तपासणार, चूक काढणार. चूक नसली तर नाराज होऊन जाणार. मला त्यांच्याविषयी आदर आहे.

"मामा, माझी चौदा पोरं हरवली."

"काय?"

"तेवीस लेख होते, नऊ दाखवतंय. लग्नाआधीचे सगळे गेले. जणू लग्न झालं त्या दिवशी मी जन्मले! वर विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणतो, ही दुसरी कोणी बाई असेल. मी म्हटलं, अहो, ती दुसरी बाई मीच, तिचा नवराही मला ओळखतो!"

मी हसलो नाही. त्यांच्या दोन आडनावांची गाठ मी स्वतः मारली होती. चौदा शेऱ्यांत.

"बढतीची मुलाखत आहे सहा मेला. किमान वीस लागतात. तुमच्या जुन्या यंत्रातलं एक पान छापून द्या, तुमची सही घालून. बास."

"या वेळी नाही झालं तर?"

"पुढची चार वर्षांनी. तेव्हा वय बसत नाही माझं."

मी विचार केला. ते पान समितीपुढे गेलं की शेरे जिवंत आहेत हे वर कळणार. कळलं की संचालक घाईघाईने आपली यादी साफ करणार. तीस मे गेला.

मी म्हटलं, "बघतो."

बाई जिना चढताना म्हणाल्या, "तुमचं 'बघतो' म्हणजे झालंच, मला माहितीये."

१८ एप्रिल

बघितलं नाही.

२४ एप्रिल

संचालकांनी वर बोलावलं. कपाटाची किल्ली भंगारवाल्यासाठी जमा करा म्हणाले. मी म्हटलं, मे अखेर करतो. निघालो तर म्हणाले, "मामा, बसा."

बसलो नाही.

"तुम्हाला मी आठवत नाही ना?"

"साहेब, तुम्ही वर्षापूर्वी आलात इथे."

"बारा वर्षांपूर्वीही आलो होतो. कायमच्या नोकरीसाठी. एक लेख कमी पडत होता. त्यावर माझं नाव छापताना गाळलं होतं, म्हणून सहलेखकाचं पत्र आणलं. तुमच्या खिडकीत, तुमच्या हातात दिलं. आणि तुम्ही शेरा लिहिलात: लेखक असल्याचा पुरावा नाही. मोजू नये." शेरा तोंडपाठ होता. "दोन वर्षं मी शिकवण्या घेत फिरलो. वडील गेले तेव्हा मी बेकार होतो."

"पत्र आलं असतं तर नोंद असती."

"तेच तर. तुमच्याकडे नोंद नाही म्हणजे जगात घडलंच नाही." ते हसले. "आता मलाही कळलं, नोंद करणाऱ्या माणसाला कसं वाटतं ते."

तो शेरा मला आठवला. अभिमानाने आठवला, हेही लिहितो. पुरावा नव्हता, मोजला नाही. समोर कोण आहे हे बघून मी कधी शेरा लिहिलेला नाही.

म्हणजे हा माणूस बारा वर्षं डूख धरून बसलाय. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी! कसली ही वृत्ती.

२९ एप्रिल, सोमवार

बाईंचा निरोप आला: मामा, पान झालं का? मी उत्तर दिलं नाही.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बाईंची मुलाखत कधी?"

"पुढच्या सोमवारी."

"तुम्ही चार महिने पुस्तक अडवून बसलात, तेव्हा सर तुम्हाला 'बघतो' म्हणाले होते का?"

मी ताटावरून उठलो. भूक होती तरी.

३ मे, शुक्रवार

सकाळी बाईंचं पान करायला घेतलं. तीस मे गेला तर गेला, दुसरं काही शोधून काढीन. चौदा शेरे, चौदा पुरावे, प्रत्येक फाइल हातात घेऊन, कारण सही करायची तर डोळ्यांनी बघून करायची. त्यांचा एक लेख झाडवाल्या सरांबरोबर लिहिलेला होता. म्हणून सरांची फाइल काढली. क्रमांक ४१७.

बारा वर्षांपूर्वीच्या पानांत एक पत्र लावलेलं होतं. नीट भोक पाडून, माझ्या हाताने. वर माझा शिक्का, मिळाल्याची तारीख. खाली मजकूर: अमुक लेखात यांचं नाव छापताना राहून गेलं, हे माझे सहलेखक आहेत. नाव सरांचं. म्हणजे सरांचं आडनाव, सरांची आद्याक्षरं.

लेखाचा विषय लोखंडाचा गंज.

विषय वाचला असता तरी कळलं असतं. मी नाव वाचलं आणि लावलं.

जुन्या यंत्रात सरांच्या नोंदीत शेराही सापडला. सहलेखकाचे पत्र आले, लावले. त्याच्या अकरा दिवसांनंतरचा दुसरा शेरा, दुसऱ्या माणसाच्या नोंदीत: लेखक असल्याचा पुरावा नाही. मोजू नये. दोन्ही माझेच.

दुपारी जेवलो नाही. तुटक्या ग्लोबसमोर बसून होतो. कंपनीच्या यंत्राला हसलो होतो ते आठवत होतं. त्या यंत्राने निदान शेरा तरी लिहिला नाही.

संध्याकाळी बाईंना पान नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या चौदा ओळी वाचल्या. "एकही चूक नाही?" म्हणाल्या, आणि जरा नाराज झाल्या.

पत्राबद्दल कोणाला बोललो नाही. ते फायलीतून काढून टेबलाच्या खणात ठेवलं. एकवीस वर्षांत फायलीतून कागद काढायची ही पहिली वेळ.

६ मे

बाईंचं काम झालं. समितीने विचारलं, हे पान कुठून आलं. त्यांनी सांगितलं, तळघरातून.

८ मे, बुधवार

संचालक आणि कंपनीचा माणूस खाली आले. संचालकांनी मोडक्यातली बरी खुर्ची शोधली आणि बसले. आज 'मामा' नाही, 'तुम्ही' आणि 'आपण' चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात सन्मानासाठी बाहेरची तपासणी समिती येते आहे. शेरे आहेत हे तिच्या कानावर गेलं तर ती मागणार. तर शेरे आजच संचालकांच्या ताब्यात द्यावेत, कपाटासकट, आणि कोणी विचारलं तर ते तीस मेनंतर यंत्रणेत यायचे आहेत असं मी सांगावं. "आमची जागा तयार आहे आता," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, दोन्ही चष्म्यांतून नाही. बदल्यात मला काय, ते संचालकांनी कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

मी वाचलं. खणात पत्र होतं, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"उद्या सांगतो," म्हटलं. 'बघतो' म्हणवलं नाही.

९ मे

हिशेब सोपा आहे. हो म्हटलं तर कपाट त्यांचं, आणि ४१७ मधून काय गेलं ते कोणाला कळायचं नाही. मी एकवीस वर्षांत न चुकलेला माणूस म्हणून घरी जाईन. नाही म्हटलं तर शेरे समितीला द्यावे लागतील. आणि शेरे दिले तर सगळे द्यावे लागतील. त्याचे ते एकशे बारा उघडे पाडणारे आणि मला उघडं पाडणारे, दोन्ही. निवडून दिले तर तो वाण्याची वही म्हणाला ते खरं होईल.

त्याला बुडवायचं तर मलाही त्याच पाण्यात उतरायला लागतंय. विचार करत बसलो की मला ते परवडतं का. मला तो इतका नकोसा आहे का?

आहे.

पण सरांच्या नावापुढे 'एकही नोंद सापडली नाही' असं महिनाभर राहिलं, ते माझ्यामुळे. मला पहिल्या दिवशी माहीत होतं. संचालकांना निदान दुसऱ्या दिवशी कळलं असेल.

बायकोला सगळं सांगितलं, पत्रासकट. आकडा तेवढा सांगितला नाही. ती म्हणाली, "पत्र फायलीत परत लावा आधी. खणात काय ठेवलंय?"

१० मे, शुक्रवार

सकाळी पत्र परत लावलं. जुन्या शेऱ्याखाली नवा शेरा लिहिला: वरील शेरा चुकीचा. पत्र वेळेत मिळाले होते. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच्या फायलीत लावले. चूक नोंद करणाऱ्याची. सही, तारीख.

मग छापून काढलेले एक्केचाळीस हजार शेरे, सहा मार्चचा त्यांचा सहीचा कागद आणि फाइल ४१७ हातगाडीवर घालून कुलसचिवांच्या कार्यालयात नेले, तपासणी समितीच्या नावाने पोच घेतली, आणि मग संचालकांच्या खोलीत गेलो.

पत्राची प्रत त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वाचलं. माझा नवा शेरा वाचला. परत पत्र वाचलं. त्यांचा चेहरा पडेल तेव्हा मजा येईल असं मला दोन महिने वाटत होतं. पडला नाही. वयाने लहान झाला एकदम, बारा वर्षांपूर्वी माझ्या खिडकीपुढे उभा असावा तसा.

"हे केव्हा सापडलं?"

"मागच्या शुक्रवारी."

"म्हणजे मी खाली आलो तेव्हा तुमच्याकडे होतं."

"खणात होतं."

मी म्हटलं, "या एका लेखाबाबत तुमचं बरोबर होतं. अडतीस नव्हे, तुमचे एकोणचाळीस आहेत. बाकीच्या चौऱ्याहत्तरांबाबत समिती विचारील."

पाठ केलेलं बालवाडीचं वाक्य आठवत होतं. म्हणायचं राहिलं असं नाही. म्हटलं नाही.

दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "पैसे घेतले असते तर हे कोणालाच कळलं नसतं, मामा."

"तेच तर," मी म्हटलं. त्यांचाच शब्द.

समिती काय करील ते करील. मला कारणे दाखवा नोटीस येणार हे नक्की, बारा वर्षांपूर्वीच्या चुकीसाठी. उत्तर तयार आहे, एक ओळीचं: चूक झाली.

खाली येऊन जुन्या यंत्रात सरांचं नाव टाकलं. चौऱ्याहत्तर लेख, एकाखाली एक. सगळे वाचले, शीर्षकांसकट.

संचालकांनी परवा कागदावर लिहिलेलं इथे उतरवून ठेवतो, बायकोला सांगितलेलं नाही आणि पुढे कोणी विचारलं तर नोंद असावी. नोंदप्रणालीचा सल्लागार म्हणून तीन वर्षं. दुसऱ्या मजल्यावर खिडकीची खोली. दारावर नावाची पाटी, पितळी. आणि एकरकमी चोवीस लाख. नाही म्हटलं.